शेपटाच्या निऱ्या

माझ्या नोकरीचं ठिकाण अत्यंत गोपनीय होतं. इतकं, की स्टेशनबाहेरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं "टेकडीमागे" म्हटलं की तो मीटर टाकायच्या आधीच विचारायचा, "मेन गेट की मागचं?" बसचा स्टॉपही आमच्या संस्थेच्याच नावाचा होता आणि कंडक्टर ते नाव घसा मोकळा करून ओरडायचा. आत मात्र शेजारच्या इमारतीत काय चालतं हे आम्ही एकमेकांनाही सांगत नसू. बहुतेकदा सांगण्यासारखं काही चालत नसे, हा भाग वेगळा.

गेटवर मोबाइल जमा करावा लागे. खिडकीतला माणूस तो एका खणात टाकायचा आणि आकडा कोरलेला पितळी बिल्ला हातावर ठेवायचा. संध्याकाळी बिल्ला द्यायचा, मोबाइल घ्यायचा. एकदा मी बस गाठायच्या घाईत मोबाइल न घेताच घरी आले आणि आईला माझ्या पर्समध्ये तो बिल्ला सापडला. मला सगळं समजावून सांगावं लागलं. आईने बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे बोलणारं जे काही असेल ते दारात ठेवायचं आणि मगच आत जायचं," ती म्हणाली. "छान. आमच्या शाळेत ही सोय हवी होती."

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. सगळी वर्षं चौथीचा वर्ग. निवृत्त झाली तरी तिच्या बोलण्यातून खडू गेला नाही. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा आई परकर नेसणारी मुलगी होती. तेव्हापासून आजवर एकही सकाळ तिने वंदनेशिवाय जाऊ दिलेली नाही. पांढरी साडी, समोर एक मेणबत्ती, आणि मोठ्याने म्हटलेली पाच शीलं. आधी पाली, मग चौथीच्या मुलांना कळेल असं मराठी. कुणाचा जीव घेणार नाही. न दिलेलं घेणार नाही. वाईट वागणार नाही. खोटं बोलणार नाही. नशा करणार नाही. मी लहानपणापासून तिच्या शेजारी बसून हे म्हणत आले.

म्हणायचे, डबा भरायचे, आणि बॉम्ब करायला जायचे.

आईला हे माहीत नव्हतं. तिला मी नोकरीच्या पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "विमानाचे सुटे भाग करतो आम्ही." आता बॉम्ब विमानाला लावतात आणि तो विमानापासून सुटतो, तेव्हा वाक्य अगदीच खोटं नव्हतं. पण चौथ्या शिलात अशी पळवाट ठेवलेली नाही हे मलाही कळत होतं. गोपनीयतेचा कागद मी सही करून दिला होता हे खरं. तो नसता तरी मी सांगितलं नसतं हेही खरं. तिने सकाळी माझ्या शेजारी बसायचं बंद केलं तर काय, ही एकच भीती होती आणि ती मी पंचवीस वर्षं डब्यासारखी रोज बरोबर नेली.

या सुट्या भागांपायी माझं लग्नही राहिलं. निदान मी तरी दोष त्यांनाच देते. स्थळं यायची. मुलगी काय करते? इंजिनिअर आहे. कुठे? सरकारी. कुठल्या खात्यात? मग मी आणि आई दोघी पोह्यांकडे बघायचो. एका मुलाच्या काकांनी जाताना म्हटलं, "नोकरी आहे ना नक्की?" आई म्हणाली, "तुमच्या पुतण्याला उंची आहे ना नक्की?" ते स्थळ तिथेच संपलं.

तर बॉम्ब. आमच्या वाट्याला आला होता तो 'जनरल पर्पज', म्हणजे सर्वसाधारण कामाचा. हे नाव ऐकून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. भाजी चिरायला, नारळ खरवडायला आणि डब्याचं झाकण उचकटायला एकच सुरी घ्यावी, तसा हा. धावपट्टी असो, पूल असो, गोदाम असो, याला काही वर्ज्य नाही. सुरुवातीला म्हणे वैमानिक छोटे बॉम्ब हातानेच खाली टाकायचे. मग विमानाच्या पोटात भरायला म्हणून ते गलेलठ्ठ झाले आणि त्यांना पत्र्याची शेपटं आली. पुढे जेट विमानं निघाली, बॉम्ब पंखाखाली टांगायची वेळ आली, आणि गलेलठ्ठांना वारा अडायला लागला. तेव्हा सगळ्या जगात बॉम्ब बारीक करायची लाट आली. आमचे साहेब हा इतिहास प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि सांगताना स्वतःचं पोट आत घ्यायचे.

माझ्याकडे शेपूट आलं. विमान फार खालून उडत असेल तर टाकलेला बॉम्ब त्याच्या बरोबरीनेच पुढे धावतो आणि विमानाच्या खालीच फुटतो. वैमानिकाने काम केलं आणि बक्षीसही त्यालाच मिळालं, असं होऊ नये म्हणून शेपटात एक कापडी छत्री घडी करून ठेवायची. बॉम्ब सुटला की ती उघडते, त्याला मागे ओढते, आणि विमान तेवढ्यात लांब जातं. मला हे काम आवडायचं. बॉम्बमध्ये जर एखादा जीव वाचवणारा भाग असेल तर तो हाच, असं मी स्वतःला सांगायचे. पहिलं शील म्हणताना मनात हळूच एक तळटीप लावायचे: वैमानिकाचा धरून.

छत्री मात्र उघडत नव्हती. आमच्या चाचण्यांत बॉम्ब खरा नसायचा, आत रेती भरलेली असायची आणि बाहेरून निळा रंग. पहिल्या चाचणीत छत्री आतच पिळली गेली. दुसरीत ती अर्धी उघडली आणि पिशवीसारखी लोंबत राहिली. तो निळा धोंडा असा काही डोलत खाली आला की कॅमेऱ्यामागचे अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, तिसऱ्यांदा असं झालं तर शेपूट बाहेरच्या देशातून विकत येईल आणि आपण सगळे त्याचं पॅकिंग उघडायला उरू.

घडीचं काम आमच्या वर्कशॉपमधले मिस्त्री करायचे. टेकडीपलीकडच्या गावचे. त्यांच्या घरच्या शेतावर आता पंधरा मजली सोसायटी उभी आहे आणि तिच्या गेटवर 'बाहेरच्यांनी गाड्या लावू नयेत' अशी पाटी आहे. मिस्त्री म्हणायचे, "बाई, माझ्याच वावरात मी भायेरचा हाय." तोंडाने तिखट, हाताने देवमाणूस. त्यांच्या हाताखालून गेलेल्या धातूत चूक निघायची नाही. कापड मात्र त्यांना कळत नव्हतं. साहेबांनाही नाही. मलाही नाही, कारण मी जन्मभर पंजाबी ड्रेस घालून फिरले. आम्ही छत्रीची चुणी पाडताना तिचं वरचं टोक, जिथे ती बांधलेली असते, ते अगदी रेषेत आणायचो. ते आलं की खूष व्हायचो. ड्रॉइंगवरही तसंच लिहिलं होतं. लिहिलं मीच होतं.

एका रविवारी मी बुधवार पेठेतून छत्रीचं कापड आणलं आणि घरी जमिनीवर घडी घालत बसले. कापडाच्या घडीवर कुठला गोपनीयतेचा शिक्का नव्हता. दिवाणावर बसून आई बघत होती. चौथीच्या वर्गात मुलाला भागाकार येत नाही आणि बाई मुद्दामच गप्प बसतात, तसं.

पाचव्यांदा घडी विस्कटल्यावर ती म्हणाली, "काय चाललंय?"

"हे एका दमात सुटायला हवं. गुंता न होता."

"विमानात?"

"हो."

"तुझ्या त्या विमानात एकही बाई नाही का?"

ती उठली. गुडघे धरत खाली बसली. माझ्या हातातून कापड घेतलं आणि वरचं टोक चक्क सोडून दिलं. खालचा काठ धरला. चिमटीत एक निरी, तिच्यावर दुसरी, काठाला काठ.

"निऱ्या घालताना काठ जुळवायचा," ती म्हणाली. "वरचं आपोआप येतं, आणि नाही आलं तरी ते खोचलेलंच असतं, कोण बघतंय? तू वरचं जुळवत बसलीस तर खाली सगळं तिरपं. मग चालताना पायात येणारच."

तिने टोक धरून ते हवेत झटकलं. कापड सरसरत उघडलं. तिने पुन्हा निऱ्या घातल्या, पुन्हा झटकलं. पुन्हा उघडलं. साठ वर्षं पांढरी साडी नेसलेल्या हातांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ती चहा टाकायला गेली आणि मी तशीच बसून राहिले. मला इतका आनंद झाला होता की आधी तिचे हात धरून नाचावंसं वाटलं, आणि मग मी ते कापड घाईघाईने गुंडाळून ठेवलं. ज्या बाईने डासांसाठी अगरबत्तीही लावू दिली नाही, मच्छरदाणीच बांधली, तिला मी आता यात ओढलं होतं.

सोमवारी मी मिस्त्रींसमोर टेबलावर छत्री पसरली आणि काठ जुळवून निऱ्या घातल्या. त्यांनी बघितलं, डोकं खाजवलं. "हे तर आमची मंडळी रोज करती की," ते म्हणाले. "मला कवा सांगितलं न्हाय तिनं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"ते बी खरं हाय."

साहेबांना मी 'खालच्या कडेच्या संदर्भाने घडीची सुधारित पद्धत' असं शीर्षक देऊन चार पानं दिली. तीन आकृत्या होत्या. साडी हा शब्द कुठेही नव्हता.

तिसऱ्या चाचणीत छत्री उघडली. आकाशात एक पांढरा ठिपका फुलला आणि निळा धोंडा शहाण्यासारखा सरळ खाली आला. कॅमेऱ्यामागे टाळ्या पडल्या. साहेबांनी उत्साहात पोट आत घ्यायचं सोडून दिलं. परतीच्या प्रवासात मिस्त्रींनी विचारलं, "ह्ये तुम्हाला सुचलं कसं?" आणि मी, वर्षानुवर्षं दारात बोलणं जमा करणारी बाई, त्यांना सांगून टाकलं की हे माझ्या आईचं आहे. कुणाला तरी सांगायचं होतं. तिचं नाव कुठेच लागणार नव्हतं याचं मला वाईट वाटत होतं आणि बरंही.

त्या वर्षी खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये नेहमीसारखी पूजा झाली. लेथ, ड्रिल, वजनकाटा, सगळ्यांना झेंडूच्या माळा, आणि मध्ये पाटावर आमचा निळा बॉम्ब, कपाळ नसल्यामुळे नाकावरच कुंकू लावलेला. मी अशा वेळी कडेला उभी राहते हे सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्री ताट घेऊन माझ्याकडे आले. "बाई, पेढा तरी चालंल न्हवं?" पेढा चालला. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. मी आईबरोबर विहारात गेले. एका सम्राटाने युद्धातलं रक्त पाहून शस्त्र कायमचं खाली ठेवलं, त्याची आठवण म्हणून आमच्याकडे तो दिवस पाळतात. भंते तेच सांगत होते. आई पहिल्या रांगेत मान हलवत ऐकत होती आणि माझ्या ओढणीला कालच्या पूजेतली झेंडूची एक पाकळी चिकटलेली होती. ती मी मुठीत धरून बसले.

पुढे काही वर्षांनी मिस्त्री निवृत्त झाले. पेढ्यांचा पुडा घेऊन एका सकाळी ते घरी आले. मी स्वयंपाकघरात होते. दार आईने उघडलं. मी हात पुसत बाहेर येते तो मिस्त्री वाकून तिच्या पाया पडत होते.

"आज्जी, तुमचं लई उपकार हायेत," ते सांगत होते. "तुमच्या त्या निऱ्या न्हाय का? त्यांच्यामुळंच तर आपल्या बॉम्बचं शेपूट उघडलं. न्हायतर आम्ही सगळी घरी बसलो असतो."

मी जागच्या जागी थिजले. मिस्त्रींनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचाही उतरला. आईने मात्र त्यांना बसवलं, चहा दिला, नातवंडांची चौकशी केली, पुड्यातला एक पेढा खाल्ला. ते गेल्यावर तिने कपबशी विसळली, पालथी घातली आणि खुर्चीत येऊन बसली. मला समोर बसायला सांगितलं.

"विमानाचे सुटे भाग," ती म्हणाली.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. रेती, निळा रंग, खालून उडणारं विमान. "आई, माझं काम त्याला हळू करायचं आहे. तो हळू झाला की वैमानिक वाचतो."

"आणि खालचा?"

मी पेढ्यांचा पुडा बांधायला घेतला.

"रेतीचे किती टाकले?"

"बारा-पंधरा."

"खरे?"

"ते आम्हाला नाही सांगत."

"विचारलंस कधी?"

मी मान हलवली. नाही. मिस्त्रींना बायकोवरून मारलेला टोमणा मला तेव्हा आठवला आणि लाज वाटली. आई ओरडली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, "वरचंच जुळवत बसलीस. खालचा काठ जुळवला नाहीस तू," आणि डाळ निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भीत भीत बाहेर आले. आई पांढऱ्या साडीत बसली होती आणि शेजारी माझी चटई घातलेली होती. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मी बसले. मेणबत्ती लागली. नमन झालं, शरण झालं, आणि आईने एकदम दुसरं शील म्हणायला घेतलं. न दिलेलं घेणार नाही.

मला वाटलं, वय झालं, विसरली. वंदना संपल्यावर म्हटलं, "आई, पहिलं राहिलं."

"राहिलं नाही. सोडलं."

"का?"

"ते म्हटलं तर चौथं मोडतं." तिने मेणबत्तीवर फुंकर घातली. "माझ्याच हातच्या निऱ्या आहेत त्या."

"पण तुला माहीत नव्हतं. दोष माझा आहे."

"एकाच्या पेपरात दुसऱ्याने लिहिलं तर आम्ही दोघांचेही मार्क कापत होतो," ती म्हणाली आणि पोहे भिजवायला उठली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. माझ्याशी अबोला धरला नाही, जेवण तेच, टोमणे तेच. फक्त सकाळी शीलं चार. विहारातही सगळे पहिलं म्हणायला लागले की पहिल्या रांगेतली ही म्हातारी ओठ मिटून बसे. कुणाला वाटे दम लागला, कुणी पाणी आणून देई. ती पाणी पिऊन घेई. शेजारी बसलेल्या मला मात्र तेवढं वाक्य फार लांब वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी मीही निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी निरोपाच्या भाषणानंतर मी धीर केला आणि साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना विचारलं, "सर, आपल्या शेपटाचे खरे किती टाकले असतील?" ते हसले. "मॅडम, आज तरी सुट्टी घ्या." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "ते मलाही कळवत नाहीत." गेटवर मी बिल्ला दिला, मोबाइल घेतला. घरी येऊन आईला सांगितलं की विचारलं, उत्तर मिळालं नाही. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. खूप वर्षांनी.

मला वाटलं, आता उद्या सकाळी ती पाच म्हणेल. तिने चारच म्हटली. त्या दिवसापासून मीही तिच्याबरोबर चारच म्हणते.

परवा आमच्या मजल्यावर राहायला आलेल्या बाई सकाळी सहज येऊन बसल्या. त्याही वंदना करणाऱ्या. सगळं संपल्यावर त्या भाबडेपणाने म्हणाल्या, "आजी, तुमचं पहिलं शील म्हणायचं राहिलं वाटतं."

"ते हिच्या ऑफिसच्या गेटवर जमा आहे," आई म्हणाली. "ही बिल्ला देऊन आली, आणि बदल्यात नुसता मोबाइल घेऊन आली."

त्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गमतीशीर आहे. मीही हसले. आई साडीच्या काठावर सांडलेलं मेण नखाने खरवडत होती.